वाघ्याचा वाटा

डॉक्टरसाहेबांना नमस्कार,

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. घरात सत्तर-पंचाहत्तर मेंढरं, सहा शेळ्या आणि दोन कुत्री, वाघ्या आणि मोती. दिवाळी झाली की माझे सासरे (आम्ही मामा म्हणतो) आणि मालक वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन खाली नदीकाठाला जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वर्षभर उजव्या कुशीत दुखत होतं. सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये नऊ सेंटिमीटरची पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले हायडॅटिड आहे, कुत्र्यापासून होतं, मिरजेला जाऊन दाखवा. तेव्हापासून घरात भांडण आहे. धाकटे दीर म्हणतात, कुत्र्यांना विष घालून टाकू. मामा म्हणतात, बापजाद्यांपासून वाड्यात कुत्री आहेत, कुणाला काही झालं नाही. वाघ्याला हात लावलात तर मी घर सोडीन. शेजारणींनी आमच्यात पाणी प्यायचं सोडलंय. गेल्या साली जत्रेच्या पाहुण्यांसाठी म्हातारी मेंढी कापली, तिच्या लिव्हरमध्येही तसल्याच पाण्याच्या पिशव्या होत्या. मामांनी तेवढा भाग कापून कुत्र्यांपुढं टाकला, बाकीचं आम्ही शिजवून खाल्लं. त्यातून झालं का हे? कोकरांच्या लेंड्यांत भाताच्या शितासारखं पांढरं दिसतं, ते जंत हेच का? माझा मुलगा चार वर्षांचा आहे, वाघ्या त्याच्याच बरोबर वाढला, दोघं एका वाकळेत झोपतात. मला पाचवा महिना चालू आहे. अंगणवाडीत देतात ती जंताची गोळी सगळ्यांनी घेतली तर भागेल का? पाडव्यानंतर परत जत्रा आहे. मामांना कसं सांगू?

– एक सून

ताई,

आधी आत्याबाईंचं बघू, कुत्र्यांचं नंतर. मी जनावरांचा डॉक्टर. माणसाच्या औषधपाण्यात शेवटचा शब्द माझा नाही, मिरजेच्या डॉक्टरांचा. पण हा आजार जनावरातून माणसात येणारा असल्यामुळं जत, खानापूर, खटावच्या नोकरीत त्याची गाठ सारखी पडत आली, म्हणून थोडं सांगतो.

मिरजेला जा म्हटलंय तर जाच. जत्रा होऊ दे, मग बघू, असं करू नका. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलात तर खर्चाचं काय ते आरोग्यमित्राला विचारा, सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते तो सांगेल. आणि जाईपर्यंत आत्याबाईंचं पोट कुणालाही चोळू देऊ नका. आपल्याकडं गाठ जिरवायला पोट चोळून देणाऱ्या बाया आहेत, तापल्या सळईनं डाग देणारेही अजून आहेत. ही गाठ मांसाची नाही. पाण्यानं टच्च फुगलेली पिशवी आहे ती, आणि आतल्या पाण्यात त्या जंताची बारीक बारीक डोकी तरंगत असतात, हजारोंनी. दाबामुळं किंवा पडल्या-धडपडल्यामुळं ती फुटली तर अंगभर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम घसरतो, जीवावर बेतू शकतं. शिवाय सांडलेल्या त्या डोक्यांपासून पोटात नव्या पिशव्या धरतात, ते वेगळंच. तेव्हा डोक्यावर पाण्याची घागर घेऊन खडकाळ वाटेनं चालणं आत्याबाईंना सध्या बंद. आणि कुणी म्हणालं, सुई घालून पाणी काढून देतो, तर लांबूनच नमस्कार करा. मोठ्या दवाखान्यात सुईनं पाणी काढतात, ते खरं आहे. पण आधीपासून औषध चालू ठेवून, सोनोग्राफीत बघत, आत जंत मारणारं द्रव सोडून ते परत ओढून घेतात, आणि रिॲक्शन आली तर सावरायची सगळी तयारी शेजारी असते. ते काम त्यांचंच.

गाठ कोणत्या अवस्थेत आहे ते सोनोग्राफीवरून ठरतं आणि उपचार त्यावर ठरतो. काहींना ऑपरेशन लागतं, काहींना सुईचा उपाय पुरतो, काहींना नुसत्या गोळ्या. काहींची गाठ आपोआप मरून चुन्यासारखी कडक झालेली असते, तिला हात न लावता अधूनमधून फक्त तपासत राहतात. गोळ्या अल्बेंडाझोलच्या, बहुतेकांना ४०० मिलीग्रॅमची एक सकाळी, एक रात्री, आणि त्या महिनोन्महिने चालतात. उपाशीपोटी घेतल्या तर अंगी फारशा लागत नाहीत. तूप, साय, शेंगदाण्याचा कूट असं काही स्निग्ध जेवणात असलं की लागतात. एरवी डॉक्टर तेल-तूप कमी करा म्हणतात, म्हणून आत्याबाई कोरडी भाकरी खाऊन गोळी घेतील, तेवढं बघा. मधेमधे रक्त तपासायला बोलावतील, ती खेप चुकवायची नाही, कारण इतके दिवस चालणारं हे औषध लिव्हरला आणि पांढऱ्या पेशींना त्रास देऊ शकतं.

आता हे आलं कुठून.

हा जंत म्हणजे पट्टकृमीच, टेपवर्म. पण टेपवर्म म्हटलं की डोळ्यांपुढं हातभर लांब फीत येते, तसा हा नाही. पुरा वाढलेला जंत जेमतेम ३ ते ६ मिलीमीटरचा, तिळाएवढा. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. एका कुत्र्यात असे हजारो असले तरी कुत्रं धडधाकट, भुंकतंय, खातंय, लांडग्यावर धावून जातंय. त्याच्याकडं बघून काही कळत नाही. त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात, डोळ्यांना न दिसणारी. ती गवताला, मातीला, पाण्याला लागतात. मेंढरू चरताना ती गिळतं, आणि त्याच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, किंवा फुफ्फुसात पाण्याची पिशवी धरते. शेळीला तेच, म्हशीला तेच. मेंढरू वर्षानुवर्षं ती पिशवी घेऊन हिंडतं. म्हातारं झालं, लंगडायला लागलं की कापतात. पिशवीचा भाग काढून कुत्र्यापुढं पडतो. कुत्रं खातं, आणि सहा-सात आठवड्यांत त्याच्या पोटात नवे जंत तयार होऊन परत अंडी टाकायला लागतात.

या रहाटगाडग्यात माणसाची गरज कुठंच नाही. माणूस मधेच अडकतो. कुत्र्याच्या केसांना अंडी चिकटलेली असतात, त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि तोच हात भाकरीला लागला की झालं. न धुतलेली कोथिंबीर, कांद्याची पात, उघड्या डबक्याचं पाणी, कुठूनही. मग जी पिशवी मेंढीच्या काळजात धरते, तीच माणसाच्या लिव्हरमध्ये धरते. शंभरातल्या सत्तरेक जणांना लिव्हरमध्ये, वीसेक जणांना फुफ्फुसात.

ती वाढते अगदी सावकाश, आणि हे दिरांना नीट समजावा. नऊ सेंटिमीटरची गाठ व्हायला बहुतेक वेळा कैक वर्षं लागतात. आत्याबाईंच्या पोटात ते अंडं दहा वर्षांमागं गेलं असेल, पंधरा वर्षांमागं गेलं असेल, माहेरच्या वाड्यात परकरात असतानाही गेलं असेल. वाघ्या चार वर्षांचा. ज्या कुत्र्यानं हे केलं ते कधीच मातीत गेलं असणार, वाघ्या तेव्हा जन्मलाही नसावा. त्याला विष घालून आत्याबाईंची गाठ एका सुतानं कमी होणार नाही. विष घालणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच. आणि वाघ्या-मोती गेले तर वाडा राखायला महिन्याभरात दुसरी दोन पिल्लं येतील, त्यांच्यापुढंही तेच काळीज पडेल. हमरस्त्याला नेऊन सोडणं तर त्याहून वाईट, ती खाटकाच्या गाळ्यामागं जाऊन बसतील.

मांस खाऊन झालं का, असं विचारलंत. नाही. त्या पिशवीतली डोकी माणसाच्या पोटात गेली तरी हा आजार होत नाही, वर तुम्ही तर शिजवून खाल्लंत. माणसाला आजार होतो तो कुत्र्यातून आलेल्या अंड्यांनी. म्हणजे त्या दिवशी तुमच्या ताटात जे आलं त्यात धोका नव्हता. वाघ्यापुढं पडलं त्यात होता. मी हे कितीतरी घरांत सांगितलंय आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा चेहरा कोड्यात पडतो, कारण आपल्याला उलटं वाटत असतं: खराब भाग आपण खाल्ला नाही, कुत्र्याला घातला, म्हणजे आपण शहाणे.

माझंही तेच झालं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जत तालुक्यात एका मेलेल्या मेंढीची चिरफाड केली. फुफ्फुसात लिंबाएवढ्या चार पिशव्या. जमलेल्या माणसांना एक फोडून दाखवली, आजाराचं नाव सांगितलं, मोठ्या रुबाबात हात धुतले. मागं वळून बघतो तर वाड्यातली कुत्री ते फुफ्फुस ओढून नेत होती. मी हसलो. माणसंही हसली. खड्डा काढायला मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

कोकरांच्या लेंड्यांत शितासारखं दिसतं तो जंत वेगळा. तोही पट्टकृमीच, पण त्याचा कुत्र्याशी संबंध नाही. गवतावर अगदी बारीक किडे असतात, चरताना ते पोटात गेले की त्यांच्यातून येतो. माणसाला त्याचं भय नाही. कोकरं पोट सुटून खंगायला लागली तर गुरांच्या दवाखान्यातून औषध आणून पाजा. मात्र एक लक्षात ठेवा, मेंढरांना कितीही जंताचं औषध पाजलं तरी त्यांच्या काळजातली पाण्याची पिशवी त्यानं जात नाही.

शेजारणींना सांगा, पाणी पिऊन जावा. हा आजार माणसापासून माणसाला होत नाही. आत्याबाईंच्या तांब्यातून नाही, ताटातून नाही, त्यांच्या हातच्या भाकरीनं नाही. एखादी तुम्हाला कोबीची गोष्ट सांगेल, की कोबीतला किडा डोक्यात जातो आणि फिट येते. तो तिसराच जंत, डुकराचा. त्यात कोबीचा दोष नाही. त्या जंताची अंडी माणसाच्याच विष्ठेतून पडतात, आणि उघड्यावर बसण्यामुळं, घाण पाण्यामुळं ती भाजीवर येतात. चांगली धुऊन शिजवलेली कोबी खुशाल खा.

जंताची गोळी. अंगणवाडीत, शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास देतात ती आतड्यातल्या गोल जंतांसाठी. पोराला जरूर द्या, त्याच्या वाढीला चांगली. पण ती एक गोळी हायडॅटिडला काही करत नाही. औषध तेच असलं तरी इथं ते महिनोन्महिने आणि देखरेखीखाली लागतं. आणि तुम्हाला पाचवा महिना आहे, तेव्हा आत्याबाईंच्या पुड्यातली एकही गोळी तुम्ही तोंडात टाकायची नाही. तुमची बाळाची सोनोग्राफी व्हायची असेलच, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना घरातला हा प्रकार सांगा आणि जाता जाता लिव्हरवरही नजर टाकायला सांगा. बाकीच्या घरच्यांची, पोराची, मामांची, मालकांची, दिरांची पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्या. त्यात सुई नाही, दुखत नाही. आज स्वच्छ आली तरी गाठ सावकाश वाढते म्हणून वर्षा-दोन वर्षांनी परत एकदा. कुणाला बरेच दिवस खोकला असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर छातीचा एक्स-रेही.

पोराला आणि वाघ्याला एका वाकळेतून मात्र आजच वेगळं करा. पोर रडेल, दोन रात्री वाघ्याही दाराशी कण्हेल. तेवढं सोसा. दिवसा खेळू दे, पण तोंड चाटू द्यायचं नाही, आणि खेळून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय खाऊ हातात द्यायचा नाही. नखं बारीक कापा. परसात कुत्री घाण करतात तिथं कोथिंबिरीचा वाफा असेल तर कूड घाला. हात धुणं तुम्हालाही तितकंच लागू, पीठ मळायच्या आधी तर नक्कीच. डेटॉल-फिनेल शिंपडून ही अंडी मरत नाहीत, गारव्याला ओल्या मातीत तर वर्षभरही टिकतात. कडक ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी यांना मात्र ती भितात. वाघ्याची बसायची पोती उन्हाळ्यात पत्र्यावर टाकून चांगली तापवा.

राहिले मामा. सुनेनं सासऱ्याला असलं सांगणं आपल्याकडं किती अवघड असतं ते मला कळतं. तुम्ही सांगूच नका. यापुढचं त्यांच्यासाठीच लिहितोय. मालकांना म्हणावं, संध्याकाळी मेंढरं कोंडून झाली की त्यांना हे वाचून दाखवा. आत्याबाई शेजारी बसलेल्या असू द्यात.

रामराम पाव्हणं. तुमची कुत्री कुणी मारत नाही, तेव्हा आधी घोंगडं टेकून निवांत बसा.

तुम्ही हयातभर मेंढरं राखली. एखादं मेंढरू मान वाकडी करून एकाच अंगाला गोल गोल फिरतं, कळपातून मागं राहतं, कुडाला धडकतं, ते तुम्ही बघितलंय. डोक्यात पाणी झालंय म्हणता तुम्ही. बरोबर म्हणता. मेंदूत पाण्याची पिशवीच असते. असं मेंढरू जगत नाही म्हणून कापता, आणि त्याचं डोकं फोडून जातं कुणाकडं? कुत्र्यांकडं. ती पिशवीसुद्धा एका टेपवर्मचीच पोरं, आणि मोठा जंत राहतो कुत्र्याच्या पोटात. कुत्र्यानं ते डोकं खाल्लं की पुढच्या साली त्याच रानात चरणारं दुसरं मेंढरू फिरायला लागतं. तुमच्या मंडळींच्या लिव्हरमधली पिशवी या जंताच्या चुलतभावाची. तो मेंदूऐवजी काळजात घर करतो आणि माणसालाही जास्त करून तोच धरतो, ढोबळ फरक एवढाच. मेंढरांचं तुम्हाला अर्धं ठाऊकच होतं, उरलेलं अर्धं मी सांगितलं.

बापजाद्यांपासून कुणाला काही झालं नाही म्हणता. झालं असेल, कळलं नसेल. तेव्हा सोनोग्राफी कुठं होती? कुणाच्या चुलतीच्या पोटात गोळा होता, कुणी एकाएकी धाप लागून गेलं, करणी केली म्हणून देवर्षीकडं नेलं. किती त्यातले या पिशवीचे होते ते आता कोण सांगणार.

बर्फातला एक मुलुख आहे, आइसलँड. माणसं थोडी, मेंढरं उदंड, घराघरात कुत्री. दीडशे वर्षांमागं तिथं या आजारानं कहर केला होता. १८६३ साली क्राबे नावाचा एक डेन्मार्कचा शास्त्रज्ञ तिथं गेला, कुत्री-मेंढरं तपासली, आणि पुढच्या साली लोकांना कळेल अशा भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं, ते घरोघर वाटलं. मग सरकारनं कुत्र्यांसाठी कायदे केले. मेंढराची पिशवीवाली काळजं जाळायची किंवा पुरायची, कुत्र्यांना जंताचं औषध द्यायचं, एवढ्यावर त्यांनी हा आजार मुलखातून हद्दपार केला. मेंढरं राहिली, कुत्रीही राहिली. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती, तरी जमलं.

तर जत्रेला जे कापाल त्याचं काळीज, फुफ्फुस आधी उजेडात बघा. पिशवी दिसली, की तो अख्खा अवयव बाजूला. नुसती पिशवी कापून फेकू नका, चिरताना ती फुटते आणि दगडाला, सुरीला लागलेलं कुत्री चाटतात. कमरेएवढा खड्डा, वर चुना, माती, आणि त्यावर दगड किंवा बाभळीचं काट, म्हणजे उकरायला नको. जाळता आलं तर आणखी चांगलं. म्हाताऱ्या मेंढीत जास्त सापडतं, कारण तिनं जास्त पावसाळे चरून काढलेले असतात. वाटेत, वाड्यावर एखादं मेंढरू मेलं तर त्यालाही हेच. टाकून पुढं जायचं नाही. तुमच्या कुत्र्यांनी नाही खाल्लं तर कोल्हा-लांडगा खातो, आणि तो जंत त्यांच्या पोटातही वाढतो.

वाघ्याचा वाटा बंद करा, असं मी म्हणत नाही. तुम्ही त्याला हातानं काळीज घालता ते मला माहीत आहे, रात्रभर जागून तो तुमची राखण करतो. त्याचा वाटा त्याला द्या, फक्त कच्चा देऊ नका. चुलीवर एक जुनं पातेलं त्याच्या नावाचं ठेवा, आणि वजडी, फुफ्फुस, काय घालायचं ते बारीक तुकडे करून चांगलं पाऊण तास खळखळ उकळा. पिशवी नजरेतून सुटली असली तरी आतला जंत उकळीत मरतो. रस्सा भाकरीवर ओता, बघा कसा हाणतो.

आणि औषध. मेंढरांना पाजून बाटलीच्या तळाला उरलेलं कुत्र्याच्या तोंडात ओततात, ते सोडा, त्याचा या जंताला भरवसा नाही. कुत्र्याला प्राझिक्वांटेल लागतं, दर १० किलो वजनामागं ५० मिलीग्रॅम. वाघ्या वीस किलोचा असला तर १०० मिलीग्रॅम झालं. दवाखान्यातून कुत्र्याचं वजन सांगूनच गोळी घ्या. वाडा रानात असला तर १९६२ ला फोन केला की फिरता दवाखाना कुठं आहे ते कळतं. पुढं दर दीड महिन्यानं एक गोळी, कारण पोटात गेलेला नवा जंत अंडी टाकायला तेवढाच वेळ घेतो. तारखा लक्षात राहत नाहीत, तर तिथीवर धरा: आज अमावास्येला दिली, तर येणारी पौर्णिमा सोडून तिच्या पुढच्या पौर्णिमेला, मग एक अमावास्या सोडून पुढच्या अमावास्येला. ४४ दिवस होतात. वाड्यावर घड्याळ-कॅलेंडर नसलं तरी चांद असतो. अगदीच जमलं नाही तर वर्षातून चारदा तरी. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि त्याची घाण फावड्यानं गोळा करून पुरा किंवा जाळा; गोळीनं जंत मरतात, पण त्यांच्या पोटातली अंडी मरत नाहीत, ती त्या दिवसांत ढिगानं बाहेर पडतात.

एकट्या तुमच्या घरानं केलं आणि जत्रेत बाकीच्यांनी आतडी-काळजं ओढ्याला टाकली तर वाघ्या तिथं जाऊन खाऊन येणार. म्हणून जत्रेच्या दिवशी तो साखळीला. आणि कापायच्या जागेजवळ एक मोठा खड्डा आधीच काढून ठेवायचा, हे पंचायतीत तुम्ही सांगा. सूनबाईंनी अर्ज केला तर फायलीत जाईल. मेंढरांतलं तुम्ही बोललात तर चार माणसं कुदळ घेऊन येतील.

ताई, एक बारीकसं राहिलं. वाघ्या गोळी थुंकणार. भाकरीच्या तुकड्यात घालाल तर भाकरी खाऊन गोळी बरोबर बाजूला काढून ठेवेल, कुत्री त्यात हुशार असतात. त्या पातेल्यातल्या उकळलेल्या काळजाच्या एका फोडीला चीर द्या, गोळी आत दडपा, आणि ती फोड मामांनाच त्यांच्या हातानं घालायला सांगा. त्यांच्या हातचं तो न चावता गिळतो.